रांगेतलं गवत

सयाजीराव खुटवडांनी चाकणच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि त्याबद्दल दर महिन्याच्या सात तारखेला पगार घेतला. क्वालिटी डिपार्टमेंटचा माणूस निवृत्त होतो, त्याची नजर होत नाही. निरोपाच्या दिवशी कंपनीने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ दोन मिनिटं मागे पडतं असं तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, तेव्हा सयाजीरावांनी ते रीतसर नापसंतीचा शेरा लिहून परत पाठवलं होतं. कंपनीने ते पुन्हा दिलं नाही.

मोशीतल्या स्वप्नवेल सोसायटीत आल्यावर त्यांनी लिफ्टच्या दाराचा आवाज, पार्किंगच्या रेषांची जाडी आणि गणपतीच्या प्रसादातल्या शिऱ्याचा ओलावा यांची तपासणी करून टाकली. पुढे काय, असा प्रश्न पडला असतानाच पावलो आला.

पावलो हा इटलीचा इंजिनियर. एक मशीन उभं करायला म्हणून पूर्वी आठ महिने चाकणला राहिला होता, आणि त्या आठ महिन्यांत सयाजीरावांचा डबा सयाजीरावांच्या आधी उघडायचा. सुमनताईंची मेथीची भाजी आणि भाकरी खाऊन त्याने एकदा कॅन्टीनमध्ये डोळे पुसले होते, पण त्यात मिरचीचा वाटा किती हे शेवटपर्यंत ठरलं नाही. ऑक्टोबरमध्ये तो दोन दिवसांसाठी आला, तेव्हा मुद्दाम घरी आला आणि त्याने एक पाकीट हातात ठेवलं.

"आईच्या परसातलं बी," तो म्हणाला. "अग्रेत्ती. पालेभाजी आहे. आमच्याकडे साधूची दाढीसुद्धा म्हणतात तिला. हे बी फार दिवस जगत नाही, लगेच पेरा. जानेवारीत मी येतोय. तुमच्या घरी बसून खाऊ."

सयाजीरावांनी फोटो मागितला. ड्रॉइंगशिवाय त्यांनी आयुष्यात काम केलं नव्हतं.

पावलोने आपल्या आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाचा फोटो पाठवला. पुढे पांढऱ्या ताटलीत गर्द हिरव्या, कातर काढल्यासारख्या पानांची जुडी. तिच्यामागे एका टोपलीत पिवळीधमक लिंबं, आणि लिंबांच्या भोवती कसलंतरी बारीक, लांब, हिरवं गवत. सयाजीरावांनी फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच उलगडा झाला. आंब्याच्या पेटीत पेंढा घालतात तसा हा लिंबांचा पेंढा. इटलीत पेंढासुद्धा हिरवागार असतो, एवढी त्यांनी मनात नोंद केली.

"एकदा गुगलवर बघा की," सुमनताई म्हणाल्या.

"अप्रूव्ह झालेलं ड्रॉइंग हातात असताना गावभर विचारत फिरायचं नसतं."

"पण ह्या पानाला दाढी कोण म्हणेल?"

"तिकडचे साधू वेगळे असतील," सयाजीराव म्हणाले आणि फोटो लॅमिनेट करायला निघून गेले.

कमिटीकडून त्यांनी बागेतला सहा फूट बाय तीन फुटांचा वाफा ठराव करून मिळवला. त्यात स्टीलच्या पट्टीने चार-चार इंचांवर रेघा मारल्या, रेघेवर दोन-दोन इंचांवर एक याप्रमाणे बी टोचलं. लॅमिनेट केलेला फोटो काठीला बांधून वाफ्याच्या डोक्याशी उभा केला. शेजारी एक लाल बादली ठेवली. कारखान्यात नापास माल लाल डब्यात जातो. इथे काय नापास होणार हे ठरलेलं नव्हतं, पण लाल बादलीशिवाय काम सुरू करणं त्यांना उघड्या डोक्याने देवळात गेल्यासारखं वाटलं असतं.

सोसायटीची बाग बघायला कुशाबाई यायची. चिंबळीची. साठीची असेल. रोज सकाळी शेअर रिक्षाने मोशीत उतरायची, स्वप्नवेल आणि शेजारच्या दोन सोसायट्यांची झाडं बघायची आणि दुपारी परत जाऊन स्वतःच्या पंधरा गुंठे कांद्यात बसायची. ती सयाजीरावांची पट्टी, दोरी आणि बादली बघून काही बोलली नाही. फक्त जाता जाता रिकाम्या वाफ्याला एक झारी पाणी घालून गेली.

दहा दिवसांनी वाफ्यात दोन प्रकार उगवले. एक सुईसारखं बारीक, दोन-दोन टोकांचं, अशक्त. दुसरं जमिनीलगत पसरलेलं, कातरलेल्या पानांचं, टवटवीत. सयाजीराव गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर चढवला, फोटो आणि रोप आळीपाळीने पाहिलं आणि सुया उपटून लाल बादलीत टाकायला सुरुवात केली.

"दादा, काय उपटताय?" मागून कुशाबाई म्हणाली.

"गवत."

"गवत हाय व्हय? रांगेत आलंय की ते."

"मग?"

"गवत रांगेत न्हाई उगवत, दादा. त्याला कोन पट्टी लावून दीतंय?"

सयाजीरावांनी तिला फोटो दाखवला. तिने पदराला हात पुसून तो जवळून पाहिला. "ह्ये म्होरलं पान म्हंजी तुमची भाजी? आन् ह्ये टोपलीतलं?"

"तो पेंढा."

"बरं," कुशाबाई म्हणाली.

हे 'बरं' सयाजीरावांना थोडं टोचलं. ऑपरेटर लोक असंच 'बरं' म्हणायचे. त्यांनी उरलेल्या सुया जास्त काळजीने उपटल्या. कुशाबाईने बादलीतलं ते ओलं पातं पदरात घेतलं. खतात टाकत असेल, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर कातरलेल्या पानांनी जो जोर धरला, तो बघण्यासारखा होता. सयाजीराव त्यांना शेणखत घालत, ताकाचं पाणी देत. सोसायटीच्या ग्रुपवर रोज फोटो जायचा. 'दिवस एकविसावा.' 'दिवस तिसावा, उंची एक फूट.' अध्यक्ष नवनाथ, ज्याचं भोसरीत लहानसं वर्कशॉप होतं, रोज अंगठा द्यायचा. सेक्रेटरी वर्षाली हिंजवडीला आयटीत होती. ती इटलीचा झेंडा टाकायची, तो कधीकधी मेक्सिकोचा असायचा.

फक्त कुशाबाईचं एकच चाललेलं होतं.

"दादा, त्ये गाजरगवत हाय."

"कुशाबाई, गाजरगवताला कोणी शेणखत घालतं का?"

"तुमी घालताय की."

सयाजीराव भोर तालुक्यातले. गाजरगवत त्यांना ओळखू येऊ नये असं नव्हतं. पण आयुष्यभर त्यांनी ते रस्त्याच्या कडेला, धुळीत, उपाशी पाहिलं होतं. खाऊनपिऊन सुखी असलेलं गाजरगवत त्यांच्या पाहण्यात कधी आलंच नव्हतं. आणि वर फोटोशी जुळत होतं.

डिसेंबरच्या शेवटी भोरला भाच्याचं लग्न निघालं. तीन दिवसांनी परत येऊन बॅग हातात तशीच ठेवून ते बागेत गेले, तर वाफा रिकामा. माती सारखी केलेली. लॅमिनेट केलेला फोटो तेवढा काठीवर उभा.

कुशाबाई लपून बसली नव्हती. "फुलावर आलं हुतं, दादा," ती सोसायटीच्या ऑफिसात नवनाथसमोर म्हणाली. "पोरं खेळत्यात तितं. अंगाला खाज सुटती, दमा हुतोय."

"मला विचारलंत का?"

"तुमी गावी हुता."

"फोन केला का?"

"न्हाई."

"मग?" सयाजीराव म्हणाले. या 'मग'ला बत्तीस वर्षांत कोणाकडे उत्तर निघालं नव्हतं.

त्या दुपारी सयाजीरावांनी फॉर्म भरला. फॉर्म कंपनीतलाच होता, कोऱ्या प्रतींचा एक गठ्ठा निवृत्तीनंतर चुकून घरी आला होता. एखादी गोष्ट बिघडली की पाच वेळा 'का' विचारायचं आणि मूळ कारणापर्यंत पोचायचं, अशी ती पद्धत. रोपे का नाहीत? उपटली म्हणून. का उपटली? गवत समजून. गवत का समजले? ओळख नाही म्हणून. ओळख का नाही? सूचना पाळल्या नाहीत म्हणून. का पाळल्या नाहीत? कामगाराचा निष्काळजीपणा.

पद्धत जपानी होती असं म्हणत, पण पाचव्या ओळीवर येईपर्यंत ती पक्की चाकणची झालेली असायची. मशीन जुनं असो, माल खराब असो, शिफ्ट सोळा तासांची असो. चार ओळी कुठूनही निघाल्या तरी पाचवीला निष्काळजीपणावर येऊन थांबत. तिथे आलं की साहेब सही करत आणि सगळे चहाला जात.

फॉर्मखाली सयाजीरावांनी नाव लिहिलं: श्रीमती कुशाबाई, माळीकाम. एक प्रत फळ्यावर लागली, एक ग्रुपवर गेली. त्रेचाळीस अंगठे आले. "काका, एकदम प्रोफेशनल!" असं नवनाथने लिहिलं आणि एक जानेवारीपासून बागेचं काम एका एजन्सीला दिलं. कुशाबाई सोसायटीचं खुरपं वॉचमनच्या टेबलावर ठेवून गेली. सयाजीराव गॅलरीतून पाहत होते. तिने वर पाहिलं नाही, हे त्यांना शिस्तीला धरून वाटलं.

पंधरा जानेवारीला पावलोचा मेसेज आला. तो चोवीसला येतोय. दाढी किती वाढली?

सयाजीरावांनी दुःखद हकीकत कळवली. पुरावा म्हणून 'दिवस एकोणचाळिसावा'चा फोटो जोडला.

पावलोचं उत्तर यायला चार मिनिटं लागली. 'मित्रा, हे काय आहे? हे अग्रेत्ती नाही. माझ्या फोटोत पुढे आहे ती वेगळी भाजी, ती आईने सॅलडला घेतली होती. अग्रेत्ती मागे आहे. टोपलीत. लिंबांबरोबर.'

सयाजीराव उठले. लॅमिनेट केलेला फोटो आता घरात फ्रीजवर होता. त्यांनी पेंढा पाहिला. पेंढ्याला देठं होती. देठांना मुळाजवळ लालसर कडा होती. रांगेत उगवलेल्या त्या सुयांनाही अगदी अशीच लालसर कडा होती. हे त्यांना आठवलं, कारण उपटताना त्यांनी ते पाहिलं होतं. पाहण्यात ते कधी चुकत नसत.

"काय झालं?" सुमनताईंनी विचारलं.

"काही नाही. गॅस बघ," ते म्हणाले. गॅस बंद होता.

ते जिन्याने खाली गेले, कारण लिफ्टमध्ये आरसा होता. लाल बादली वाफ्याशेजारी पालथी पडलेली. खताच्या खड्ड्यात काठी घालून पाहिली. मग सहज, खरं तर कोणी दिसू नये म्हणून, ते क्लबहाउसच्या मागे वळले. तिथे सोसायटीच्या आरओ प्लांटचं वाया जाणारं पाणी पाइपातून बाहेर पडतं. वर्षानुवर्षांच्या त्या खाऱ्या पाण्याने जमीन पांढरी फटक झालेली. 'सदर जागा निरुपयोगी' असा शेरा सयाजीरावांनीच मागच्या वर्षी मारला होता.

पाइपाच्या तोंडाशी हिरवीगार, बारीक, लांब, रसरशीत दाढी वाढली होती. फूटभर उंच. चाळीसेक बुडखे. आणि सगळे रांगेत.

सयाजीराव उकिडवे बसले. कान तापलेले त्यांना जाणवत होते. क्लबहाउसच्या भिंतीपलीकडे कोणाचं तरी टेबल टेनिस चाललं होतं आणि चेंडूचा प्रत्येक टप्पा त्यांना उद्देशून पडत होता.

दोन दिवस ते फिरायला गेले नाहीत. या दोन दिवसांत त्यांना बिरू आठवला. बिरू प्रेसवर होता. एकदा तीनशे नग छोटे निघाले, फॉर्म भरला, पाचव्या ओळीत बिरू गेला आणि पंधरा दिवसांत कंपनीतूनही गेला. तीन महिन्यांनी कळलं की मापाचा गेजच झिजला होता. गेज तपासायची जबाबदारी स. खुटवड यांची होती. पण तोवर फाइल बंद झाली होती, आणि बंद फाइल उघडण्याचा फॉर्म कंपनीकडे नव्हता. ही गोष्ट सयाजीरावांनी वीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. स्वतःलाही त्यांनी ती पहिल्यांदाच नीट सांगितली.

तिसऱ्या दिवशी सुमनताईंना ते म्हणाले, "थोडी रोपं वाचली आहेत."

"कशी?"

"वाचली."

सुमनताईंनी चाळीस वर्षं संसार केला होता. त्यांनी पुढचं विचारलं नाही, म्हणजे त्यांना संशय आला होता.

चोवीसला रविवार होता. दुपारच्या जेवणाला पावलो आला, नवनाथ आणि वर्षालीलाही बोलावलं. स्वयंपाकघरात पावलो सुमनताईंच्या शेजारी उभा राहिला आणि भाजीच्या जुड्या बघून आनंदाने स्वतःच्याच भाषेत बोलू लागला. लाल बुडखे कापायचे. तीन पाण्यांत धुवायची, माती फार लपते. उकळत्या पाण्यात फक्त चार मिनिटं. मग निथळून लसूण, तेल, लिंबू. बस.

"हळद?" सुमनताई.

"नाही."

"जिरं तरी?"

पावलोने छातीवर हात ठेवून नाही म्हटलं. सुमनताईंनी मिठाच्या डब्याला हात घातला, तर तो जवळजवळ ओरडलाच. ही भाजी मातीतूनच मीठ पिते, वरून घालायचं नाही. सुमनताईंनी त्याच्या पद्धतीने अर्धी केली आणि तो बाहेर जाऊन बसल्यावर उरलेल्या अर्धीला लसूण-लाल मिरचीची फोडणी देऊन वर दाण्याचं कूट घातलं. ही जास्त संपली. पावलोनेच संपवली.

भाजी कुरकुरीत होती, किंचित आंबट, समुद्राच्या वाऱ्यासारखी खारट. सगळे वा वा करत होते. सयाजीरावांचा पहिला घास तोंडातच फिरत राहिला.

"पण मला एक सांगा," पावलो म्हणाला. "आमच्या गावातसुद्धा हे बी धड रुजत नाही. आणि हिला खारं पाणी आवडतं, हे तुम्हाला कसं कळलं? आत्ता खाली पाहिलं मी, आरओचं पाणी! ही हुशारी आहे."

सगळ्यांनी सयाजीरावांकडे पाहिलं. त्यांनी घास गिळला.

"ही मी नाही लावली," ते म्हणाले. "मी उपटून टाकली होती. गवत समजून. कुशाबाईंनी उचलली आणि तिथे लावली. मी वाढवलं ते गाजरगवत होतं."

सयाजीरावांना वाटलं, आता छत कोसळेल.

"वा!" नवनाथ म्हणाला. "याला म्हणतात मन, राव! एका माळीणबाईला एवढं क्रेडिट आजकाल कोण देतं?"

"नाही, खरंच तसं आहे," सयाजीराव म्हणाले.

"काका, किती विनम्र आहात हो!" वर्षालीने फोन काढलाही होता. पाहता पाहता ग्रुपवर गेलं: 'आपल्या खुटवडकाकांनी इटालियन भाजीचे संपूर्ण श्रेय माजी कर्मचाऱ्यांना दिले. असे ज्येष्ठ आपल्याला लाभले हे भाग्य.' पावलोलाही त्याचा अर्थ समजावून सांगण्यात आला. त्याने उठून सयाजीरावांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. जेवणाच्या शेवटी सोनपापडी आली, तोवर साठ अंगठे झाले होते.

पाहुणे गेल्यावर सुमनताई ताटं उचलत होत्या.

"अर्धंच सांगितलंत," त्या म्हणाल्या.

"सगळं सांगितलं."

"भाजीचं सांगितलंत. बाईचं कुठं सांगितलंत?" त्यांनी ताटातलं उष्टं बाजूला काढलं. "आणि अहो, ज्याबद्दल लोक टाळ्या वाजवतात, ती कबुली नसते."

सयाजीराव बेडरूममध्ये गेले. कपाटातून फॉर्मांचा गठ्ठा काढला. पहिला मसुदा असा होता: 'संवादाच्या अभावामुळे उभय पक्षी गैरसमज.' तो त्यांनी स्वतःच लाल पेनाने नापास केला. दुसऱ्यात 'छायाचित्रातील संदिग्धता' होती. तोही गेला. तिसरा त्यांनी एका दमात लिहिला.

सोमवारी सकाळी तो फळ्यावर लागला आणि ग्रुपवर गेला. नवनाथचा लगेच फोन आला. "काका, कशाला राव विषय वाढवता? आपण तिला दिवाळीला साडी देऊन टाकू." सयाजीराव म्हणाले, "फळ्याला हात लावू नकोस." ग्रुपवर या वेळी एकही अंगठा आला नाही. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र झाल्या. जिन्यात दोन बायका बोलता बोलता थांबल्या. सयाजीराव खाली मान घालून त्यांच्यामधून गेले.

चिंबळीला जायला त्यांनी स्कूटर काढली नाही. शेअर रिक्षात मागच्या बाजूला चौथे म्हणून बसले, मांडीवर डबा. कुशाबाईचं रान विचारत विचारत सापडलं. एका बाजूला कंपनीचं निळं शेड, दुसऱ्या बाजूला ट्रेलर उभे करायचा तळ, मध्ये पंधरा गुंठे कांदा. कुशाबाई वाफ्यात बसून निंदत होती.

"कोन? दादा?" ती उठली नाही. "बसा. खुर्ची न्हाई हितं."

सयाजीराव बांधावर बसले. डबा पुढे केला. "तुमची भाजी."

तिने हात पुसले, झाकण उघडलं, दोन बोटांनी उचलून खाल्ली. "खारट हाय."

"मुळात खारटच असते. मीठ नाही घातलेलं. तिला खारं पाणी लागतं, ते तुम्हाला बरोबर कळलं."

"मला काय ठावं तिला काय लागतं," कुशाबाई म्हणाली. "दुसरीकडं लावली असती तर तुमी पुन्यांदा उपटली असती. तितं कोनी जात न्हाई म्हनून लावली. कांद्याचं रोप बी आदी गवतावानीच दिसतं. कुनीतरी रांग धरून पेरलंय ते फेकवंना मला."

सयाजीरावांनी डब्याचं झाकण लावलं.

"कुशाबाई, मी चुकलो."

"मला काय सांगताय? मला ठावंच हाय की."

"माफी मागायला आलोय."

"त्यो कागद माज्या नातीनं वाचला, तनुजानं. कालिजात हाय ती. कुनाच्या तरी फोनवरनं तिच्या फोनात आला. तिनं वाचला आन् मला म्हनली, आज्ये, ह्ये तू हाईस का?" कुशाबाईने एक तण उपटून बाजूला टाकलं. "मी म्हनलं, नाव तर माजंच हाय."

सयाजीरावांनी खिशातून नवा फॉर्म काढला. घडी उलगडताना त्याचा आवाज फार मोठा झाला.

"वाचा," ती म्हणाली.

त्यांनी वाचलं. रोपे का नाहीत? स. खुटवड यांनी उपटली म्हणून. का उपटली? गवत समजून. गवत का समजले? कुशाबाईंनी दोनदा सांगूनही ऐकले नाही म्हणून. का ऐकले नाही? सांगणारी माळीकाम करते म्हणून. पाचवी ओळ त्यांनी दोनदा सुरू केली. दोष दुसऱ्यावर का टाकला? तशी सवय आहे म्हणून. त्यापूर्वी बिरू नावाच्या कामगारावरही टाकला होता. खाली सही.

कुशाबाईने ऐकून घेतलं. बिरू कोण, हे विचारलं नाही.

"फळ्यावर लावलाय?"

"लावूनच आलोय. कमिटीला सांगितलंय, तुम्हाला परत बोलवा."

"आन् त्या दुसऱ्या दोन सोसायट्या?"

"त्यांचं काय?"

"त्यांनी बी काडलं की मला. अध्येक्ष लोकांचा येक ग्रुप हाय म्हनं. तुमचा कागद तितं बी गेला."

हे सयाजीरावांना ठाऊक नव्हतं. आपला रिपोर्ट आपल्या गेटबाहेर जाईल, असा विचार त्यांनी केला नव्हता. नंतर नीट आठवून पाहिल्यावर त्यांना दिसलं की विचार केला होता, आणि तेव्हा त्याचा थोडा अभिमानच वाटला होता.

"तिथे पण जातो," ते म्हणाले. "स्वतः जाऊन वाचून दाखवतो."

"मोट्यानं वाचा. हितं वाचलासा तसं बारीक न्हाई."

"हो. आत्ताच जातो." ते उठू लागले.

"आता कोन भेटतंय? समदी हापिसात असत्याल. सांच्याला जावा." तिने स्वतःच्या मागून दुसरं खुरपं काढलं आणि त्यांच्या पायाशी टाकलं. "तवर ह्यो वाफा हुईल."

सयाजीरावांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वाफ्यात बसले. चष्मा कपाळावर चढवला. समोर बारीक हिरवी पाती, काही कांद्याची, काही कशाचीतरी, सगळी सारखीच. त्यांनी एका पात्याला बोट लावलं आणि थांबले.

"कुशाबाई, हे?"

तिने वर पाहिलं नाही. "रांगेत हाय का बगा."

सयाजीरावांनी वाकून, एक डोळा मिटून, दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग पातं तसंच सोडून हात पुढच्या पात्याकडे नेला आणि पुन्हा विचारलं, "आणि हे?"